एक मिनिट अकरा सेकंद

आमच्या मालकांचा शेवटचा निरोप माझ्या फोनमधी हाय. एक मिनिट अकरा सेकंदांचा, त्येंच्या तोंडचा. दुपारी चार वाजून धा मिनिटांनी आला. चार बाराला मी उत्तराला अंगठा टाकला. सव्वापाचच्या आत माणूस गेलं.

आता ह्यात लपवण्यासारखं काय, म्हणशीला तुमी. तर लपवण्यासारखं हे, की त्या निरोपात काय सांगितलं ते मला कळलंच न्हाई. आवाज आला. त्येंचाच व्हता, मधला खोकला बी त्येंचाच. पर सबूद म्हणून एक हाती लागला न्हाई. आणि तरी मी अंगठा टाकला, 'बरं बरं' म्हणून. कायम टाकायची तसाच.

मग चार महिने डोस्क्यात एकच. काय मागितलं असंल त्येंनी? 'जीव घाबरा झालाय, पोराला पाठव' असं म्हणालं असतील का? पोरगं तिथनं पाच मैलावर व्हतं. नवरा मरताना हाक मारतोय आणि बायको अंगठा दाखवतीया, असं झालं असंल तर मी कुठं तोंड घालू? दुसऱ्याला ऐकवावं तर माझ्या आधी त्येला कळणार. म्हणून कुणालाच ऐकवला न्हाई. फोन उशाखाली आणि तोंड बंद.

मी मंगल. माहेर जत तिकडचं, मेंढरामागं फिरणारी माणसं आमची. लगीन करून सांगलीशेजारी माधवनगरला आले आणि यंत्रमागाच्या शेडात कांडी भरायला लागले. धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळायचं, त्येला कांडी भरणं म्हणत्यात. एकतीस वर्षं भरली.

चोवीस माग एकदम चालू असलं की आपण वरडलेलं आपल्यालाच ऐकू येत न्हाई. म्हणून शेडात कुणी वरडतच न्हाई. बिनआवाजाचं बोलायचं, जरा ताणून, ओठ-दात-जीभ दिसंल असं. समोरची बघती, तिला कळतं. आमी धा-बारा कांडीवाल्या दिवसभर अशा गप्पा हाणायचो. सासूच्या कागाळ्या काय, कुणाची सून कुणाबरोबर बोलली काय. मुकादम मधनं चालला असला तर त्येच्याच पाठीमागं त्येच्याच नावानं. बाहेरचं माणूस आलं की इचारायचं, ह्या बाया मुक्या हायत का काय? मुक्या! आमच्यासारख्या बोलक्या साऱ्या सांगलीत गावल्या नसत्या.

माझ्या समोरच्या मशीनवर चंदना. जैनाची, आष्ट्याची लेक. तिचं बोलणं छापल्यागत. ओठ असं स्वच्छ हलवायची की सुताच्या धुरळ्यात बी वाचावं. तेवीस वर्षं आमी एकमेकीच्या तोंडाकडं बघत काढली. नवऱ्याच्या तोंडाकडं एवढं बघितलं नसंल.

ह्या कामात एक घोटाळा हुतो, आणि तो आमच्यासारख्यांचाच हुतो. मागाच्या खडखडाटानं कान जातो आणि त्येचा पत्ताच लागत न्हाई. कारण डोळं ऐकत असत्यात आणि आपल्याला वाटतं कान ऐकतोय. नुसतं कळतं असं न्हाई बरं का, ऐकू येतं, आवाजासकट, लख्ख. कुणी समोर बसून बोललं की मला सारं ऐकू यायचं. पाठीमागनं बोललं की मी म्हणायची, हल्लीची माणसं लय पुटपुटत्यात बाई.

मग ती मास्कची दोन वर्षं आली आणि सारं गाव एकदम पुटपुटायला लागलं. दुकानदार पुटपुटतोय, नर्स पुटपुटतीया, चंदना सुदिक पुटपुटतीया. एक दिवस चंदनानं दमून मास्क खाली ओढला, आणि तिचा आवाज खाडकन आला. तवा मला कळलं, पुटपुटत कुणीच न्हवतं. पर मी कुणाला बोलले न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या गल्लीत बयाबाई म्हणून म्हातारी व्हती, तिला सारी 'भैरी बया' म्हणायची, तिच्या तोंडावर. तिला वाटायचं रामराम घालत्यात. मला तसलं व्हायचं न्हवतं.

आमचं मालक बाळासो. टेंपो चालवायचं. हितलं कापड पुण्याला, तिकडनं सूत हिकडं. शेडात कवा काम केलं न्हाई, त्यामुळं कान ठणठणीत. हल्ली हल्ली त्येंची एक सवय झाली व्हती. काय बोलायचं झालं की फिरून माझ्या समोर येऊन उभं राहायचं. मला वाटायचं, म्हातारपणी माया आलीया. आणि लाइट गेली की बोलणं मधीच सोडायचं. मी म्हणायची, "आवं, अंधाराला भेता व्हय?" लाइट आली की बघायची तर हसत असायचं.

फोनवर टाइप करायला त्येंची बोटं जाड. म्हणून निरोप बोलून धाडायचं. मी फोन कानाला लावायची, ऐकल्यागत करायची आणि अंगठा टाकायची. सांजंला घरी आलं की सहज इचारायची, "मघाशी काय म्हणत व्हता?" "काय न्हाई, वांगी आणू का इचारत व्हतो." झालं. फोन भरला की जुनं निरोप पुसून टाकायची.

त्या दिवशी मालक पुण्याला कापड घेऊन चाललं व्हतं. खंबाटकी घाट उतरून शिरवळच्या अलीकडं ढाब्यावर टेंपो लावला. च्या पिला आणि वर जाऊन सीटवर बसलं. ढाबेवाल्यानं नंतर काच वाजवली तर मान एका बाजूला. आमचा दिग्विजय शिरवळलाच कंपनीत हाय. त्येला फोन गेला तवा सारं आटपलं व्हतं.

धा दिस घर बायांनी भरलेलं. आमच्यात हेल काढून रडत्यात, गेलेल्याचं गुण सांगत सांगत, आणि पदर तोंडावर. सगळ्यांचं पदर तोंडावर! मी मधी बसलेली, आणि चौफेर नुसती घूं घूं, सबूद एक न्हाई. कोण माझं सांत्वन करतंय आणि कोण माझी निंदा, काय कळायला मार्ग न्हाई. मी सगळ्यांनाच मान हलवली. रडू आलं न्हाई. भूक लागली तवा जेवले, झोप आली तवा झोपले. नणंद हरणाबाई दाराशी कुणाला तरी म्हणाली, "दगुड हाय ही." तेवढं मला कळलं, कारण त्येवढ्यापुरता तिनं पदर खाली घेतला व्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला! दुसऱ्या वक्ताला मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. तवा मनात म्हटलं, बरोबर बोलतीया. दगुडच झालाय. हात लावला तर गार लागंल.

दुःख न्हवतं असं न्हाई. पर ते कुठं ठेवलंय तेच गावत न्हवतं. आधी मला कळाय पायजे व्हतं, मी रडायची कशासाठी. नवरा गेला म्हणून, का मी जाऊ दिला म्हणून?

निरोप ऐकायला मी काय काय केलं. फोन उशीत दाबून ऐकला. पातेल्यात ठेवून ऐकला, आवाज मोठा हुतोय म्हणून. मोठा झाला, पर नुसता मोठा. भिंतीवरच्या फोटोकडं बघत ऐकला. फोटोतलं ओठ कुठं हलत्यात? मग एकदा भाच्याच्या लग्नातला व्हिडिओ गावला. त्यात मालक पंगतीत उभं राहून कॅमेऱ्याकडं बघून म्हणत्यात, "बसा की, बसा, जिलबी गरम हाय." आणि ते मला ऐकू आलं! एक एक सबूद, त्येंच्याच आवाजात. मी तो व्हिडिओ सतरा वेळा बघितला आणि लगेच निरोप लावला. परत घूं घूं. तोच आवाज, तोच माणूस. कपाळाला हात लावून बसले.

उन्हाळ्याच्या तोंडाला दिग्विजय मला शिरवळला घेऊन गेला. सून सोनिया गुणाची हाय, पर ओट्याकडं तोंड करून बोलती. तिनं इचारायचं आणि मी भलतंच उत्तर द्यायचं, असं चार दिस चाललं. पाचव्या दिशी दिग्विजय माझ्या पाठीमागं येऊन उभा राहिला आणि काय तरी बोलला. मला पत्ता न्हाई, मी आपली शेंगा सोलतीया. परत बोलला, तिसऱ्यांदा बोलला. मग समोर आला. डोळं भरल्यालं.

"आई, मी तीनदा हाक मारली."

"मग? ऐकली की मी. शेंगा संपवून वळणार व्हते."

"काय म्हणालो मी?"

दुसऱ्या दिशी त्येनं रजा काढली आणि मला साताऱ्याला दवाखान्यात नेलं.

तिथं कान तपासणारी पोरगी व्हती, सृष्टी नाव. पोरगी म्हणजे तिशीची असंल, पर माझ्यापुढं पोरगीच. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला मोठं फोन लावलं आणि हातात बटन दिलं. टिक ऐकू आली की दाबायचं. मी बराच वेळ बसले आणि म्हटलं, "चालू कर की गं." ती म्हणाली, "मावशी, चालू होऊन सात मिनिटं झाली."

मग बाहेर आणून समोर बसवलं. ती सबूद बोलायची, मी परत म्हणायचं. भाकरी, विहीर, पायरी, कुलूप. धडाधड सांगितलं मी. दिग्विजयकडं बघितलं, बघ म्हटलं, तुझी आई भैरी हाय म्हणं! मग तिनं एक कागद तोंडापुढं धरला आणि परत बोलाय लागली. कागदामागनं काय आलं असंल? घूं, घूं, घूं. शेड चालू झाल्यागत.

"मावशी, रागावू नका," सृष्टी कागद खाली घेऊन म्हणाली. "ऐकणं फक्त कानाचं काम नसतं. समोरच्याचे ओठ डोळ्यांना दिसतात, आवाज कानाला येतो आणि मेंदू दोन्ही एकत्र करून एकच शब्द तयार करतो. तो इतक्या झटक्यात करतो की आपल्याला वाटतं, ऐकलं. सगळ्यांचंच असं असतं. तुमचा कान थोडं आणतो आणि डोळे बाकीचं भरून काढतात, एवढाच फरक."

"सगळ्यांचं असतं म्हणजे? ह्येचं बी?" मी दिग्विजयकडं बोट केलं.

तिनं कॉम्प्युटर फिरवला. पडद्यावर एक बाप्या, नुसता चेहरा. तोंड हलवत एकच अक्षर परत परत म्हणत व्हता. "काय म्हणतोय?" तिनं दिग्विजयला इचारलं. तो म्हणाला, "दा, दा." मला तर सरळ 'गा' ऐकू येत व्हतं. मग ती त्येला म्हणाली, डोळे मिटा. त्येनं मिटलं आणि भुवया वर गेल्या. "आता बा म्हणतोय!" डोळं उघडलं की परत दा. मिटलं की बा. चार वेळा केलं त्येनं, ल्हान पोरागत.

"आवाज बा चा आहे, तोंड गा म्हणतंय," सृष्टी म्हणाली. "मेंदूनं मधल्या मध्ये तडजोड केली आणि दा ऐकवलं. माहीत असूनही ते थांबवता येत नाही. तुम्ही मावशी, सरळ तोंडाचंच ऐकता."

"म्हणजे मला येडी बनवतोय माझाच मेंदू?"

"येडी नाही हो. सांभाळून घेतोय तो तुम्हाला."

सांभाळून घेतोय! मला त्या सबदाची चीड आली. कुणी सांगितलं व्हतं सांभाळून घ्यायला? सरळ सांगायचं, बाई, तुझं कान गेलं. मग मी निरोप ऐकून अंगठा टाकला नसता. पोराला फोन लावून इचारलं असतं, तुझा बाप काय म्हणतोय बघ.

कानातल्या मशीनचं इचारलं दिग्विजयनं. सृष्टी म्हणाली, लावू, फायदा होईल, पण नुसत्या आवाजावरून बोलणं ओळखायला मेंदूला पुन्हा शिकावं लागतं. काही महिने जातील, आणि इतक्या वर्षांनी किती जमेल ते आत्ता सांगता येणार नाही. मी तिचं बोलणं बघत व्हते, पर माझं ध्यान पडद्यावर. तिनं दुसरी चित्रफीत लावली व्हती. तोंड त्याच बाप्याचं, मिशा बी त्याच, आणि आवाज बाईचा. हसू यावं असं. तरी सबूद कळत व्हतं! त्या मिशाळ तोंडातनं बाई बोलत व्हती आणि मला सारं ऐकू येत व्हतं.

"हे दोघं येगळी हायत ना?" मी इचारलं. "तोंड एकाचं आणि आवाज दुसरीचा?"

"हो. वेगळी असली तरी चालतात. वेळ जुळली पाहिजे फक्त."

मी तिसऱ्या दिशी शिरवळ सोडलं. दिग्विजय राहा राहा म्हणत व्हता. सातारा-सांगली गाडीत खिडकीला बसले. आष्टा गेलं तवा माझं ठरलं व्हतं. लेकाला ऐकवायचा न्हाई. त्येनं ऐकलं आणि त्यात 'पोराला पाठव' निघालं तर जन्मभर त्येला बी सलंल आणि मला बी. सुनंला न्हाई, नणंदेला तर मेले तरी न्हाई. चंदना. बिनआवाजाचं बोलणं तिच्याइतकं कुणाला येतंय? तिच्यापुढं मान खाली गेली तर जाऊ दे.

चंदनाला दाराआड बसवलं आणि सगळं सांगितलं. कानाचं, अंगठ्याचं, चार महिन्यांचं, मिशाळ तोंडातनं बोलणाऱ्या बाईचं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "कानाचं मला ठावं हाय की."

"कवापासनं?"

"शेड सुटल्यावर बी तू माझ्या तोंडाकडंच बघतीस. बाकीच्या बाया डोळ्याकडं बघत्यात."

मला राग आला. एवढी वर्षं झाकलेली मूठ, आणि आत काय हाय ते साऱ्या गल्लीला दिसतंय! पर राग गिळला. फोन तिच्या हातात दिला.

तिनं तो कानाला लावला आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसले. एक मिनिट अकरा सेकंद. एकदा तिच्या कपाळाला आठी पडली. एकदा ओठ आवळलं. संपल्यावर तिनं फोन मांडीवर ठेवला आणि पदरानं नाक पुसलं.

"पोराला पाठव म्हणालेत?" मी इचारलं.

"सांगू का मी, का त्येंच्याच आवाजात ऐकायचंय?"

"त्येंच्याच."

"मग थांब. पाठ करू दे."

तिनं सात-आठ वेळा ऐकला. ओठ हलवत, कुठं थांबल्यात, कुठं खोकल्यात, ते बोटांवर मोजत. पोथी पाठ करणारी बाई ती, तिला काय अवघड? मला तेवढा वेळ जाता जाईना. मग ती खिडकीपुढं आली, तोंडावर उजेड घेतला, फोनचा आवाज मोठा केला आणि बटन दाबलं.

चंदनाचं ओठ हलाय लागलं आणि त्यातनं आमचं मालक बोलाय लागलं.

"मंगल, शिरवळच्या अलीकडं थांबलोय. च्या सांगितलाय. छाती जरा जड झालीया. आजची न्हाई, तीन महिने झालं. सांगलीच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलंय. मी न्हाई म्हणून आलो. तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू टेंपोची किल्लीच काढून घेतली असतीस. म्हणून हितं फोनवर सांगतोय. हितलं तुला कळत न्हाई, ठावं हाय मला. मास्कच्या सालीच कळलं. तू सांगशील, आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून वाट बघितली. तू काय सांगितलं न्हाईस, मी बी इचारलं न्हाई. आता तू कान लपवलंस, मी छाती लपवली. फिटंफाट!"

हितं ते हसलं, आणि हसताना खोकलं. चंदना खोकल्यागत झाली.

"हां, टाक साखर. कमी टाक रं. तर काय सांगत व्हतो. सांगितल्याशिवाय बी राहवत न्हाई बघ. सांगून टाकलं की हलकं वाटतंय. च्या पितो आणि पोराला फोन लावतो, त्येच्या गाडीवरनं दवाखान्यात जाऊन येतो. तू जेव वक्ताला."

संपलं. चंदनाचं ओठ थांबलं.

मी म्हटलं, "परत."

तिनं परत लावला. परत ते आलं आणि परत 'फिटंफाट' म्हणून हसलं. तिसऱ्यांदा लावाय लागली तवा मी हात धरला. माझं जुनं पुसल्यालं निरोप आठवलं. त्यात बी वांगी न्हवतीच तर. काय काय सांगितलं असंल त्येंनी मला, मी अंगठा टाकत व्हते तवा.

"मंगल, त्येंनी तुझ्याकडं मदत मागितली न्हाई," चंदना माझ्यासमोर बसून म्हणाली. "तुझी काय चूक न्हाई. ते पोराला फोन लावणारच व्हते."

"लावला न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मला कळलं असतं तर मी लावला असता. चार बाराला. सव्वापाचपतुर तास हुता."

तिनं फोन मांडीवर पालथा घातला. तिला खोटं बोलता येत न्हाई, ही तिची एक खोड हाय. मग उठली, दिस कलला व्हता, जैनाची बाई, तिला दिस बुडायच्या आत जेवून घ्यायचं व्हतं. जाताना फोन माझ्या हातात ठेवून गेली.

मी फोन बघत बसले. आणि मग मालकांचा राग आला. चार महिन्यांनी पयल्यांदा त्येंच्यासाठी काय तरी आलं. पायाच्या तळव्यापासनं वर चढत आलं आणि मी त्येंच्याच नंबरावर बोलायचं बटन दाबून धरलं. त्येंचा फोन दिग्विजयकडं असतो, यापारी लोकांचं फोन येत्यात म्हणून चालू ठेवलाय त्येनं, बापाचं जुनं निरोप मातुर उघडायचा धीर झाला न्हाई त्येला. मला ठावं व्हतं, हे त्येलाच ऐकू जाणार. जाऊ दे म्हटलं.

"आवं ऐका. फिटंफाट म्हणं! कसली फिटंफाट? मी कान लपवलं, त्यात काय गेलं? चार लोक हसलं असतं, येवढंच. तुमी छाती लपवलीसा, त्यात तुमी गेलासा. ही कुठली बरोबरी काढलीसा? आणि मला न्हाई कळणार अशा जागी सांगून मोकळं झालासा! मी हितं चार महिने जळतीया. आणि दिग्विजय, तू ऐकत असशील तर ऐक. तुझ्या बापानं मला चार धाला सांगितलं व्हतं. छाती जड झालीया म्हणून सांगितलं व्हतं. मला कळलं न्हाई आणि कळलं न्हाई असं बी मी कुणाला म्हटलं न्हाई. तू पाच मैलावर व्हतास बाळा. मी बरं म्हणून टाकलं."

पुढं बोलता येईना. हेल निघाला, आमच्या बाया काढत्यात तसला, आणि तो बी त्या निरोपातच गेला. बटन सुटलं.

शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्येंना हातानं जा म्हटलं. फोनवर दोन टिका निळ्या झाल्या आणि मी भिंतीला टेकून वाट बघत बसले, लेक आता काय म्हणतोय याची. शिव्या दिल्या तरी घेणार व्हते.

फोन थरथरला. दिग्विजयचा व्हिडिओ कॉल. उचलला. कंपनीच्या गेटापाशी उभा असंल, मागनं ट्रक जात व्हता. तोंडावर एक हात घट्ट दाबून धरला व्हता त्येनं, आणि खांदं हलत व्हतं. हातामागनं काय तरी म्हणत व्हता. घूं घूं.

"दिग्विजय," मी म्हटलं, "हात काढ तोंडावरचा. काय बी बोल, पर मला दिसंल असं बोल."